बारशाचं पान

दार वाजलं तेव्हा मी यांना दहीभात भरवत होते. भर दुपारी कोण कडमडलं म्हणून उष्ट्या हातानंच कडी काढली, तर बाहेर एक मुलगी आणि एक मुलगा उभे. मुलगी बावीस-तेवीसची, उन्हानं लाल झालेली. मुलगा तिच्या अर्धं पाऊल मागे, पाठीवर सॅक. मुलीनं वाकून माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "काकू, तुम्ही अगदी पुस्तकातल्यासारख्याच दिसता."

पुस्तकात मी वीस वर्षांची आहे. ही दोघं आली तेव्हा मी सत्तरीला टेकले होते आणि तोंडात कवळी होती. पण असं म्हणणारी ती काही पहिली नव्हती. तिच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीतून पुस्तकाचा निळा कोपरा दिसत होता, त्यावरून ही दोघं कशासाठी आली असतील ते मला उंबऱ्यातच समजलं. आत या म्हटलं.

ते पुस्तक म्हणजे आमच्या यांचं आत्मचरित्र, 'दोन गल्ल्या, एक घर'. यांचं नाव हणमंत नागे. कुर्डुवाडीला शाळेत मराठी शिकवायचे. बार्शीच्या बुरूड गल्लीत, सुपं आणि टोपल्या विणणाऱ्या घरात जन्मले, शिकले, मास्तर झाले आणि वाणी गल्लीतल्या भुसार दुकानदाराच्या मुलीशी, म्हणजे माझ्याशी, घरच्यांच्या विरोधात लग्न करून बसले. पुस्तकात शाळा आहे, दुष्काळ आहे, शिक्षकांचा संप आहे. ते कोणी वाचत नाही. लोक वाचतात ते आमचं लग्न. वाचनालयात कोणी चांगली आत्मचरित्रं सांगा म्हटलं की हे पुस्तक हातात देतात, खऱ्या प्रेमाच्या गोष्टी सांगा म्हटलं तरी हेच देतात. लग्नात आहेर म्हणूनही देतात. शेवटच्या पानावर यांनी हौसेनं लिहून ठेवलंय, की आमच्यासारखं कोणी अडलंनडलं आलं तर आमचं दार उघडं आहे. लिहिणाऱ्याचं काय जातं. दार उघडायला मी आणि चहा टाकायला मी.

याआधीही अशा जोड्या येऊन गेल्या होत्या. एका जोडीचं लग्न आम्ही लावून दिलं, एकीला समजावून परत पाठवलं, आणि एक जोडी जाताना आमची इस्त्री घेऊन गेली. पण तेव्हा हे बोलते होते. पोरांशी तासन् तास बोलायचे, त्यांच्या आईबापांशी बोलायचे, वेळ पडली तर पोलीस ठाण्यात जाऊन बसायचे. ही दोघं आली तेव्हा यांना झटका येऊन वर्ष होत आलं होतं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एवढ्या बोलक्या माणसाकडे एकच शब्द उरला, 'हो'. भूक लागली का, हो. पोट भरलं का, हो. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, फक्त तोंडातून दुसरं काही निघत नाही. मी यांच्या डोळ्यांवरून अंदाज बांधायला शिकले होते, आणि निम्म्या वेळा तो चुकायचा.

मुलीचं नाव मृणाल क्षीरसागर, गाव वैराग. मुलगा समाधान, पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करणारा, त्याच गावचा, वेगळ्या जातीचा. किती वेगळ्या ते मी विचारलं नाही, मुलीच्या घरच्यांच्या लेखी पुष्कळच वेगळ्या असणार. सोलापूरला नोंदणी कार्यालयात त्यांनी लग्नाची नोटीस दिली होती आणि सोमवारी सह्या करायच्या होत्या. कार्यालयाच्या फळ्यावर लावलेली ती नोटीस मुलीच्या चुलत्याच्या नजरेस पडली. घरात आकांत झाला, आणि शुक्रवारी सकाळी ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली.

"चुलता माणसं गोळा करायला लागलाय," समाधान म्हणाला. "मारतील म्हणून नाही भीती. हिला उचलून नेतील."

मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "हो." मृणालला वाटलं, परवानगी मिळाली. तिनं यांच्याही पायावर डोकं ठेवलं. मी म्हटलं, बाई, ते सगळ्यालाच हो म्हणतात. तिचा चेहरा क्षणभर उतरला, मग ती हसली, म्हणाली, "मग बरंच आहे की."

समाधानला मी पुढच्या खोलीत गादी दिली, हिला माझ्यापाशी ठेवून घेतलं. लग्न व्हायच्या आधी माझ्या घरात हीच पद्धत, मग पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.

संध्याकाळी मेथी निवडायला बसलो तेव्हा तिनं वडिलांचं सांगितलं. भालचंद्र क्षीरसागर, वैरागच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. दर महिन्याला फळ्यावर खडूनं 'या महिन्यात हे वाचा' असं लिहिणार, आणि त्यात चरित्रं-आत्मचरित्रंच जास्त. कादंबरी म्हणजे कुणीतरी रचलेली, माणूस कळतो तो आत्मचरित्रात, असं त्यांचं ठाम मत. गावातल्या प्रत्येक लग्नात ते यांचं पुस्तक भेट देत. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला त्यातलं एक पान मोठ्यानं वाचत.

"बारशाचं पान," मृणाल म्हणाली. "मी लहान असल्यापासून ऐकत आलेय. बाबा तिथं दरवर्षी रडतात."

ते पान सगळ्यांनाच आवडतं. त्यात असं आहे, की आमच्या मुलाच्या बारशाच्या दिवशी बायका पाळणा म्हणत असताना माझे वडील, अण्णा, अवचित दारात येऊन उभे राहतात. चपला काढू की नको असं करतात, मग काढतात. कोणाशी काही न बोलता बाळाला मांडीवर घेतात, बराच वेळ बघत बसतात आणि म्हणतात, "नाक तेवढं आमचं घेतलंय." पुढे यांनी एवढंच लिहिलंय, की त्या दिवशी गिरिजाला माहेर परत मिळालं. गिरिजा म्हणजे मी. आमच्या मुलाला तर आपल्याला अण्णांचा खडबडीत हात आठवतो असंच वाटतं. बारा दिवसांच्या पोराला काय डोंबल आठवणार, पण तो बायकोला तसं सांगतो.

"म्हणून मला काळजी नाही, काकू," मृणाल म्हणाली. "आता चिडलेत ते. वर्षभर चिडतील. पण बाबाच मला सांगायचे, माणूस अण्णांसारखा असावा, रागाच्या वरचढ झालेला. ते स्वतः कसे येणार नाहीत?" मग तिनं विचारलं, "अण्णा आले तेव्हा तुम्ही काय करत होता? पुस्तकात ते नाहीये."

मी म्हटलं, दूध उतू जातंय वाटतं, आणि उठले. कोणीही त्या पानाचं काढलं की मी अशीच उठायची. लोकांना वाटायचं, बाई हळवी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी समाधानला यांची औषधं आणायला स्टेशन रोडला पाठवलं, आणि तो जातो न जातो तोच दारात एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, चष्मा, हातात केळ्यांची फणी. मी चुलत्याची नि त्याच्या जीपभर माणसांची वाट बघत होते, आणि हा माणूस तर आजाऱ्याच्या भेटीला आल्यासारखा उभा. नाव सांगायची गरजच नव्हती, मृणालची हनुवटी तीच होती. ती स्वयंपाकघरात होती. बाहेर आली नाही, पण भांड्यांचा आवाज थांबला.

क्षीरसागर आधी यांच्याकडे गेले. खुर्चीशी गुडघे टेकून पाया पडले. "सर, किती वर्षं मनात होतं की तुम्हाला आमच्या वाचनालयात आणावं," ते म्हणाले. "असं यावं लागेल असं नव्हतं वाटलं." यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे म्हणाले, "हो."

मी त्यांना बसायला सांगितलं, चहा आणून ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही. मुलगी इथं आहे हे कसं कळलं विचारलं, तर म्हणाले, कपाटातलं पुस्तक नव्हतं, त्यावरूनच कळलं. भावाला त्यांनी बार्शीकडे गेलीय असं खोटंच सांगून तिकडे पाठवलं होतं. मिसेस परवापासून जेवल्या नव्हत्या. हे सगळं ते हळू आवाजात, सावकाश सांगत होते. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता.

"मी तिला ओढून न्यायला नाही आलो, काकू," ते म्हणाले. "मी विचारायला आलोय."

"विचारा की."

"हे पुस्तक मीच तिच्या हातात दिलं. दहावीच्या सुट्टीत. गावातल्या पन्नास पोरींना दिलं असेल. तेव्हा मला वाटायचं, माझ्यावर अशी वेळ आली तर मी अण्णांसारखाच वागेन. वाटायचं काय, खात्री होती. आता आलीय वेळ, आणि मला जमत नाही. काल ते पान परत काढलं. वाचलं. रडलो. पुस्तक शेजाऱ्याकडून आणावं लागलं, आमचं ही घेऊन आली ना. रडून झालं, उठलो, दोरीवर तिची ओढणी वाळत होती ती बघितली आणि राग होता तसाच. तो पोरगा आमच्या घरी मोटार दुरुस्त करायला यायचा. मी त्याला बाहेर कट्ट्यावर पाणी द्यायचो. त्याला जावई म्हणायचं मला सुधरतच नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग मी असा कसा? बाकीच्यांचं सोडा, त्यांनी काही वाचलेलं नाही. मी तर जन्मभर हेच वाचलं, हेच लोकांना वाचायला लावलं."

हे खुर्चीत अस्वस्थ झाले होते, डावा हात सारखा उचलत होते. हे बोलते असते तर या घडीला त्यांनी काय केलं असतं ते मला दिसत होतं. क्षीरसागरांच्या खांद्यावर हात टाकून अंगणात घेऊन गेले असते आणि तासाभरानं दोघंही हसत आत आले असते. यांनी भल्याभल्यांना वळवलं होतं. आणि आता यांच्या नाकावर माशी बसली तर ती मी हाकलत होते.

"म्हणून विचारतो," क्षीरसागर म्हणाले. "अण्णांना ते कसं जमलं? लग्न झाल्यापासून बारशापर्यंत त्यांच्या मनात काय झालं असेल? पुस्तकात एकदम ते दारातच दिसतात. मधलं काहीच नाही. मला मधलं पाहिजे." ते यांच्याकडे वळले. "सर, तुम्ही विचारलं होतं का त्यांना कधी? त्यांनी काही सांगितलं?"

"हो," हे म्हणाले.

"काय सांगितलं?"

"हो. हो."

क्षीरसागरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात, मृणाल येऊन उभी राहिली होती. तिला यांच्या 'हो'चा अर्थ ठाऊक होता. तीही माझ्याकडेच बघत होती.

आता ते मधलं मी कुठून आणणार होते? दोन गोष्टी मनात आल्या. एक म्हणजे काहीतरी रचून सांगावं, अण्णांना स्वप्न पडलं, आईनं हंबरडा फोडला, असं. पण मला यांच्यासारखं रचता येत नाही, आणि तो ग्रंथपाल माणूस, त्यानं एक प्रश्न जास्त विचारला असता तर मी उघडी पडले असते. दुसरी म्हणजे खरं सांगावं. मला वाटलं, खरं ऐकून हा माणूस विरघळेल. पुस्तकातल्या अण्णांपुढे हा स्वतःला लहान समजतोय, पण खरे अण्णा काय होते आणि त्यांच्या मुलीचं काय झालं हे एकदा कळलं, तर हा आपल्या मुलीच्या बाबतीत तसं होऊ देणार नाही. वाचणारा माणूस आहे, दुसऱ्याचं दुःख याला कळतं. मी असा हिशेब केला.

"क्षीरसागर, अण्णा आले नव्हते," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी दुसऱ्याच कुठल्या प्रसंगाचं बोलतेय. "बारशाला म्हणतो मी."

"बारशालाच. नव्हते आले. कधीच नाही आले."

हे खुर्चीत एकदम स्थिर झाले. मी यांच्याकडे न बघता सांगत सुटले. आमचं लग्न झालं त्याच दिवशी अण्णांनी परसात बसून माझ्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी. आईला शपथ घातली, या घरात तिचं नाव निघालं तर माझं मेलं तोंड बघशील. बारशाला यांची आई होती आणि शेजारच्या दोन बायका. त्या पाळणा म्हणत होत्या, पुस्तकातलं तेवढंच खरं, आणि मी दाराकडे बघत होते. मुलगा दोन वर्षांचा होता तेव्हा बार्शीच्या स्टँडवर अण्णा अचानक समोर आले, हातभर अंतरावर. मी "अण्णा" म्हणून हाक मारली. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत कंडक्टरला म्हणाले, सोलापूरची गाडी किती वाजता आहे? कंडक्टरनं सांगितलं. ते ठीक आहे म्हणाले आणि चालू लागले. कुर्डुवाडी ते बार्शी तासाभराचा रस्ता. अण्णा वारले ते मला महिन्यानं कळलं, तेही दाण्याच्या व्यापाऱ्याकडून. त्याला वाटलं होतं, मला माहीत असेल. आई पुढं सहा वर्षं जगली. तिलाही मी बघितलं नाही.

"अजून कधी बाजारात धने-मोहरीचा वास आला ना, की मला उभं राहवत नाही," मी म्हटलं. "अण्णांच्या शर्टाला यायचा तो. मला सुखाचा संसार मिळाला, क्षीरसागर, यांनी मला काही कमी केलं नाही. पण ते दुखणं गेलं नाही. जात नसतं ते. तुमच्या लेकीला ते लावू नका."

"मग सरांनी…" ते म्हणाले. "सरांनी असं का लिहिलं?"

काय सांगणार होते. हे पुस्तक लिहीत होते तेव्हा रोज संध्याकाळी लिहिलेलं मला वाचून दाखवायचे. त्या पानावर आले तेव्हा मी म्हटलं, अहो, हे कुठं झालं? तर म्हणाले, व्हायला हवं होतं की नाही? झालं नाही ते मला देता आलं नाही, लिहून तरी देतो. मी भांडले नाही. मला इतकं रडू आलं की भांडायचं सुचलंच नाही. खोटं आहे हे ठाऊक असूनही ते पान मी दुपारी एकटी असताना कितीदा काढून वाचलंय त्याला गणती नाही.

"माझ्यासाठी लिहिलं," मी एवढंच म्हटलं.

क्षीरसागर खाली बघत बसले. मी वाट बघत होते. मृणाल दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आता हा माणूस उठेल, मुलीकडे जाईल, तिला जवळ घेईल, असं मला खरंच वाटत होतं. मग त्यांनी हात पुढे केला आणि कप उचलला. चहा पार निवला होता, वर साय धरली होती. ती त्यांनी बोटानं बाजूला केली आणि सगळा चहा सावकाश पिऊन टाकला.

"म्हणजे तेही आले नव्हते," ते म्हणाले.

त्यांचा आवाज बदलला होता. मोकळा झाला होता. आल्यापासून खांदे वर चढवून बसलेला तो माणूस पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसला.

"मला वाटत होतं, मीच कमी पडतोय," ते म्हणाले. "दोन दिवस स्वतःला खात होतो, काकू. एवढं वाचलेला माणूस आणि मुलीला माफ करता येत नाही, म्हणजे आपण कुठल्या लायकीचे. पण कोणालाच जमत नाही ना. अण्णांनासुद्धा नाही."

मी म्हटलं, अहो, मी त्यासाठी नाही सांगितलं. माझं दुःख ऐका म्हणून सांगितलं. ते म्हणाले, ऐकलं, फार वाईट वाटलं. आणि त्यांना ते वाटलं होतं, खोटं नव्हते बोलत. डोळे ओले होते. पण त्यांनी ऐकलं ते माझ्या अण्णांच्या बाजूनं, आणि त्याला मी काही करू शकत नव्हते. एकदा तोंडातून गेलेलं मला परत घेता येत नव्हतं. मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते, ओठ हलत होते, आणि जे म्हणायचं होतं ते येत नव्हतं.

क्षीरसागर उठले. वळले तेव्हा मृणाल समोरच होती.

"चल, घरी येतेस?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आई जेवत नाहीये."

"सोमवारी सह्या झाल्यावर आम्ही दोघं येऊ, बाबा. लगेच नको तर वर्षानं येऊ. तुम्ही म्हणाल तेव्हा."

"दोघं नाही."

"मग तुम्ही याल? कधीतरी?"

त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं. मला तो क्षण अजून दिसतो, कारण कालपर्यंत हाच माणूस त्या प्रश्नाला नाही म्हणू शकला नसता. घुटमळला असता, चिडला असता, निघून गेला असता, आणि घरी जाऊन स्वतःला खात बसला असता. आणि स्वतःला खाणारा माणूस आज ना उद्या येतो.

"नाही," क्षीरसागर म्हणाले. "नाही येणार, बाळ."

मृणाल जागची हलली नाही. ते परत यांच्या पाया पडले, मलाही नमस्कार केला. दारात चपला घालताना म्हणाले, "पुस्तक मात्र फार मोठं आहे, काकू. ते मी लोकांना देतच राहणार." आणि गेले. कोपऱ्यावर औषधाची पिशवी घेऊन येणारा समाधान त्यांना आडवा गेला. त्यानं घाबरून नमस्कार केला, तो क्षीरसागरांनी घेतला की नाही मला इतक्या लांबून दिसलं नाही.

मृणाल रडेल असं वाटलं होतं. ती स्वयंपाकघरात जाऊन राहिलेली भांडी घासत बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं राहू दिला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "काकू, तुम्ही आले होते म्हणाला असता तर?"

आले होते म्हटलं असतं, तर कदाचित तो माणूस त्या पानाच्या धाकानं वर्ष-दोन वर्षांत आला असता. कदाचित तरीही आला नसता आणि ही पोर माझ्यासारखी दाराकडे बघत बसली असती. चुकलं असं मी म्हणत नाही, बरोबर केलं असंही म्हणवत नाही. मी तिला विचारलं, तुला परत जायचंय का? अजून वेळ आहे, मी स्वतः सोडायला येते. तिनं मान हलवली. म्हणाली, "समाधानला यातलं काही सांगू नका. त्याला वाटतंय बाबा येतील." मग नळ बंद करून ती हात पुसायला लागली.

सोमवारी सोलापूरला साक्षीदार म्हणून मी सही केली. मृणाल हिरवी साडी नेसली होती, माझीच. साहेबांनी विचारलं, मुलीकडचं कोण? मी म्हटलं, मीच. फोटो काढताना ती सारखी दरवाजाकडे बघत होती. वडील येणार नाहीत हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, तरी बघत होती. मी तिची मान धरून कॅमेऱ्याकडे फिरवली. दुसरं काय करणार होते.

त्यानंतर पाच वर्षांनी हे गेले. नगरपालिकेच्या सभागृहात शोकसभा झाली. मृणाल भोसरीहून आली, कडेवर तीन वर्षांचा मुलगा घेऊन. समाधानला रजा मिळाली नव्हती. मी तिला पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं. वक्त्यांची नावं वाचून दाखवली तेव्हा त्यात वैरागचे ग्रंथपाल भालचंद्र क्षीरसागर हेही नाव होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "असू द्या."

क्षीरसागर माइकसमोर आले. केस सगळे पांढरे झाले होते. भाषण करणार नाही, सरांचंच एक पान वाचतो म्हणाले, आणि त्यांनी बारशाचं पान काढलं.

त्या सभागृहात ते पान खोटं आहे हे जाणणारी आम्ही तीनच माणसं होतो. आणि ते इतकं सुंदर वाचलं त्यांनी. अण्णा दारात उभे राहिले, चपला काढू की नको झालं, तिथं ते थांबले, सगळं सभागृह थांबलं. 'नाक तेवढं आमचं घेतलंय' इथं ते रडले. चष्मा काढावा लागला. मागे बायका डोळे पुसत होत्या, माझा मुलगा तर हुंदके देत होता. आमच्यात आणि माइकमध्ये चार हातांचं अंतर होतं. त्यांनी पूर्ण पान वाचलं आणि एकदाही आमच्या रांगेकडे बघितलं नाही.

मग खाली उतरले, यांच्या फोटोला फूल वाहिलं आणि मला भेटायला माझ्यापुढे येऊन वाकले. मृणालच्या गुडघ्याला त्यांचं धोतर लागत होतं इतके जवळ. "फार मोठा माणूस गेला, काकू," ते म्हणाले. मृणालच्या मांडीवरच्या मुलानं हात लांब करून त्यांच्या सदऱ्याची बाही घट्ट पकडली. मुलांना असतेच तशी सवय. मी बघत राहिले. क्षीरसागरांनी खाली न बघता दुसऱ्या हातानं ती बोटं एकेक करून सोडवली, हळूच, पोराला दुखणार नाही अशा बेतानं. आणि बाजूच्या दारानं निघून गेले.

मृणालनं मुलाचा तो हात आपल्या मुठीत घेतला. दाराकडे बघत म्हणाली, "अजून तिथंच रडतात बाबा."